डाव्या खांद्याचा हट्ट

बावीस वर्षं मी हार्डवेअरच्या दुकानात बंदुकांच्या काउंटरमागे उभी आहे. एवढ्या वर्षांत एकाही पुरुषानं मला विचारलं नाही की, व्हर्नाबाई, जरा कमी धक्का देणारी रायफल दाखवा. विचारतील कसे? मिशा गळून पडतील ना! सगळ्यांचा प्रश्न एकच, "सगळ्यात दांडगी कुठली?"

मध्यंतरी चेट नावाचा एक असाच आला. नेमबाजीसाठी लिव्हरची, म्हणजे चापाखालचा दांडा ओढून भरायची रायफल हवी, तीही पंचेचाळीस-सत्तर काडतुसाचीच हवी म्हणाला. काडतूस एवढं, की माझा अंगठा त्यापुढे नाजूक दिसावा.

"मारणार कशावर?" मी विचारलं.

"क्लबातल्या लोखंडी कोंबड्यांवर."

"कोंबड्या अंगावर धावून येणार आहेत का?"

तो हसला नाही. मी त्याला नेहमीची पोथी वाचून दाखवली. बाबा रे, मॅचच्या दिवशी चाळीस बार काढायचे असतात, सरावाचे वेगळे. पहिल्या दहाला मजा वाटते, विसाव्याला खांदा बोलायला लागतो, आणि तिसाव्याला चाप ओढायच्या आधीच माणूस डोळे मिटून मान खाली घालतो. रायफल वजनाला जड घे, म्हणजे धक्का तीच गिळेल. काडतूस मवाळ घे. दस्त्यामागे जाड रबर लावून घे. ह्यानं काय केलं असेल? रायफल उचलायला हलकी हवी म्हणून हलकी घेतली, काडतूस दांडगं घेतलं, आणि दस्त्याला रबराऐवजी लोखंडी पट्टी, कारण ती जुन्या फोटोतल्यासारखी दिसते. तिघांनी मिळून खांद्याची चटणी केली. तीन आठवड्यांनी परत आला आणि मला म्हणतो कसा, "नळी वाकडी आहे वाटतं."

हे परक्यांचं झालं. परक्यांच्या खांद्यांशी मला काय करायचंय? पण त्या मंगळवारी टोपी हातात धरून, लाजऱ्या गिऱ्हाइकासारखा जो काउंटरसमोर उभा राहिला, तो माझा नवरा होता.

"पंचेचाळीस-सत्तर आहे का?" ऑरिननं विचारलं.

"कुणासाठी?"

"एका मित्रासाठी."

"मित्राच्या छातीत पेसमेकर आहे का?"

"व्हर्ना, गिऱ्हाइकाशी असं बोलतात का?"

"गिऱ्हाइकाला सकाळी अंडी मी उकडून दिलीत. बोलते मी कसंही."

ऑरिनचं काय झालं ते सांगते. जूनच्या मॅचमध्ये तो उभ्यानं मेंढे मारत होता. आमच्याकडे दोनशे मीटरवर लोखंडी मेंढे ओळीनं उभे असतात. नुसता टण्ण आवाज होऊन भागत नाही, मेंढा ओट्यावरून खाली पडला तरच गुण. नेम धरणाऱ्याच्या मागे एकानं दुर्बीण घेऊन उभं राहायचं आणि गोळी कुठे लागली ते सांगायचं, अशी रीत आहे. चौतीस वर्षं ऑरिनच्या मागे मीच उभी राहते. त्या दिवशी सहावा मेंढा पडलेला मी पाहिला, "पडला!" म्हणून ओरडले, दुर्बीण खाली केली, तर ऑरिनही पडलेला. बार झाला आणि माणूस आडवा. त्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला अठ्ठावीसवर आले होते.

शहरातल्या हॉस्पिटलात त्याला दोन दिवसांत पेसमेकर बसवला. त्याआधी नर्सबाईनं विचारलं होतं, "कुठल्या हातानं लिहिता?" ऑरिन म्हणाला, "उजव्या." तेही खरंच. एका खोलीच्या शाळेत मास्तरणीनं पट्टीनं मारमारून त्याला उजव्या हातानं लिहायला लावलं होतं. बाकी सगळं तो डाव्या हातानं करतो. जेवतो, हातोडा मारतो, आणि रायफलही डाव्याच खांद्याला लावतो. लिव्हरची रायफल त्यानं घेतली तीच मुळी त्यासाठी, ती दोन्ही हातांना सारखीच चालते. पण कुठल्या खांद्याला बंदूक लावता, हे त्या बिचारीनं विचारलं नाही, आणि हा शहाणा आपणहून बोलला नाही. का, तर नेमकं तेवढंच विचारलं होतं! मग काय, लिहिणारा हात मोकळा ठेवायचा म्हणून पेसमेकर बसला डाव्या बाजूला. वर्षातून एकदा नाताळच्या कार्डांवर सही करतो हा माणूस. त्या सहीसाठी उजवी बाजू जपली.

डॉक्टरीणबाईला मी हे नंतर सांगितलं तेव्हा तिनं कपाळाला हात लावला. म्हणाली, पेसमेकरची तार खांद्याजवळून हाडाखालून हृदयात जाते. दस्त्याचा दणका तिच्यावर बसत राहिला तर ती तुटेल, आणि तुटली तर हृदय पुन्हा आपल्या जुन्या चालीवर. मोठं काडतूस ह्या जन्मात नाही. अगदीच राहवत नसेल तर तीन महिन्यांनी, अगदी मवाळ काडतूस, जड रायफल, जाड रबर, तेही आधी मला दाखवून. ऑरिननं शहाण्या मुलासारखी मान हलवली. त्या मान हलवण्याला मी चौतीस वर्षं ओळखते. पालथ्या घड्यावर पाणी.

"तुला मी माझ्या रायफलीसारखी तीनशे सत्तावन्नची देते," मी काउंटरवरून म्हणाले. "त्यात अडतीसची मवाळ काडतुसं घाल. साडेतीन किलोची रायफल, खांद्यावर मांजरानं डोकं घासावं एवढाच धक्का. तीन महिने भरलेत, आणि आधी दाखवून घेतलं तर एवढं डॉक्टरीणबाईंना चालतं."

"त्यानं दोनशे मीटरवरचा मेंढा पडत नाही."

"नको पडू दे. छोट्या मॅचला ये."

आता छोटी मॅच म्हणजे काय, तर निम्मी अंतरं, छोटी जनावरं, छोटी काडतुसं. तिथे बायका असतात, शाळकरी पोरं असतात आणि गुडघे गेलेले आजोबा असतात. आणि मी असते. गेली नऊ वर्षं त्या मॅचचा कप माझ्याकडे आहे. ऑरिन त्या कपांमध्ये खिळे ठेवतो, आकारानुसार.

ऑरिननं टोपी डोक्यावर घातली. "बायकोकडून हरायला मी बंदूक विकत घेऊ?"

खरं दुखणं हे होतं बघा. तार तुटली तरी चालेल, पण नाक राहिलं पाहिजे. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ह्याच्या सुंभात तर डॉक्टरांनी तारच घातलेली.

"दुकानाचा नियम आहे," मी म्हणाले. "काउंटरवरच्या माणसाला गिऱ्हाईक ठीक वाटलं नाही, तर कारण न देता नाही म्हणता येतं. पुढचं गिऱ्हाईक!"

पुढचं गिऱ्हाईक नव्हतंच. तरी तो गेला.

बुधवारी संध्याकाळी ट्रकमधून किराणा काढायला गेले, तर सीटमागे घोंगडीत गुंडाळलेली लांब वस्तू. घोंगडी माझ्या दिराची. लाइल, ऑरिनचा धाकटा भाऊ, वय त्रेसष्ट, अक्कल तेवीस. मी तिथूनच त्याला फोन लावला.

"लाइल, तुझी पंचेचाळीस-सत्तर आमच्या ट्रकमध्ये काय करतेय?"

"वहिनी, दादानं मागितली. रविवारच्या मॅचपुरती. मी नाही कसं म्हणणार?"

"तोंड उघडायचं आणि नाही म्हणायचं. दोन अक्षरं आहेत."

"अहो, चाळीस वर्षं मेंढे मारतोय तो. त्याला बायकापोरांच्यात उभा करणार तुम्ही? आतल्या आत मरेल तो."

"आणि तुझ्या बंदुकीनं बाहेरून मरेल, त्याचं काय? त्याच्या छातीतली तार तुटली तर तू बसशील का त्याचं हृदय हातानं दाबत? रविवारी सकाळी आठ वाजता येऊन बस मग, डबा घेऊन."

लाइल हळूच म्हणाला, "वहिनी, मला तार-बीर काही म्हणाला नाही तो. पेसमेकर बसवला, आता ठणठणीत आहे म्हणाला." आणि थोडं थांबून, "परत घेऊन जाऊ का मी?"

मी जवळजवळ हो म्हणाले होते. पण मला माझा नवरा ठाऊक आहे. लाइलची गेली तर हा चेटची आणेल. सगळ्या तालुक्यात ज्यांच्या ज्यांच्या खांद्याची चटणी झालीय, ते सगळे आपली बंदूक द्यायला आनंदानं तयार आहेत. त्याच्या हातातून ती काढून घेऊन उपयोग नव्हता, ती त्यानं स्वतः खाली ठेवायला हवी होती. आणि हातात फक्त तीन दिवस होते.

"राहू दे," मी म्हणाले. "उद्यापुरती मलाच लागेल."

जेवण झाल्यावर ऑरिन बातम्या बघत बसला तेव्हा मी गॅरेजमध्ये काडतुसं भरायच्या टेबलाशी गेले. आम्ही आमची काडतुसं आम्हीच भरतो, इथे सगळेच भरतात. पाच काडतुसं केली. पितळी नळकांडं खरं, पुढची गोळी खरी, आत दारूचा कणही नाही. फुसकी. अशी एकदोन फुसकी काडतुसं खऱ्यांत मिसळायची आणि नेमबाजाला न सांगता भरून द्यायची, ही आमच्याकडची जुनी परीक्षा आहे. बार होतो तेव्हा बंदूक उडते, त्या गडबडीत माणूस दचकला की नाही ते दिसत नाही. फुसक्यावर चाप ओढला की नुसतं टिक्. माणूस स्थिर असेल तर नळी स्थिर राहते. दचकणारा असेल तर नळीचं नाक खाली जातं आणि सगळं उघडं पडतं. मी खऱ्यांत फुसकी मिसळणार नव्हते. पाचच्या पाच फुसकी देणार होते. एकही दणका त्या खांद्याला मी बसू देणार नव्हते.

गुरुवारी पाच वाजता दुकान सुटलं तशी मी त्याला म्हणाले, "चल क्लबात. सीटमागची ती घोंगडी पण घे."

तो चोरी पकडल्यासारखा झाला. लगेच सावरला. "तू बघितलीस?"

"नाही, वास आला. ऐक, पैज लावू. मी पाच काडतुसं भरून देते. तुझ्या नळीचं नाक पाचही वेळा हललं नाही, तर रविवारी मी एक शब्द बोलणार नाही. दुर्बीण घेऊन मागे उभी राहीन, नेहमीसारखी."

"एक शब्दही नाही?"

"तोंडाला कुलूप."

चौतीस वर्षांत असा सौदा त्याला कुणी दिला नव्हता. मुलासारखा उड्या मारत ट्रकमध्ये बसला.

क्लबात कुणी नव्हतं. कुरणावर वारा नव्हता, दूर मेंढे ओळीनं उभे होते. मी पाठमोरी होऊन काडतुसं भरली आणि रायफल त्याच्या हातात दिली. त्यानं कानांवर मफ लावले आणि दस्ता डाव्या खांद्याला टेकवला. लाइलच्या दस्त्यालाही चेटसारखीच लोखंडी पट्टी, ती नेमकी त्या जागी बसली, जिथे शर्टाखाली तो काड्यापेटीएवढा फुगवटा आहे. फुसकी आहेत हे मला माहीत होतं, तरी मी एक पाऊल पुढे सरकले.

टिक्.

नळीचं नाक वीतभर खाली गेलं. डोळे घट्ट मिटलेले.

"कोंबडीनं दाणा टिपला," मी म्हणाले.

"हे फुसकं होतं."

"पुढचं मार."

आता त्याला वाटलं पुढचं खरं. टिक्. नाक आणखी खाली. तिसऱ्याला त्याचा डावा खांदाच मागे सरकला, दस्ता आणि छाती ह्यांत बोटभर फट. चौथ्याला त्याला नक्कीच कळलं असणार की बाईनं सगळीच फुसकी भरलीत. कळूनही नाक खाली गेलं. पाचवं त्यानं ओढायचं म्हणून ओढलं, आणि तेव्हाही गेलं.

मी रात्रभर टोमणे तयार करून ठेवले होते. चांगले चांगले होते. जिल्ह्याचा चार वेळचा विजेता, रिकाम्या बंदुकीला घाबरतो, वगैरे. त्यानं रायफल उघडी करून बाकावर ठेवली, मफ काढले, आणि त्याचा चेहरा बघून त्यातला एकही माझ्या तोंडून निघाला नाही.

"जूनपासून असं होतंय," तो म्हणाला. "घरी रिकाम्या बंदुकीवर सराव करतो ना, तेव्हाही. वाटलं, एकदा मोठीचाच बार काढला आणि काही झालं नाही, की भीती मोडेल."

"आणि काही झालं असतं तर?"

"तर मोडलीच असती की."

"मूर्ख आहेस तू. अडुसष्ट वर्षांचा घोडा आणि एवढा मूर्ख."

"असेन. तुझी आण."

"काय?"

"तुझी रायफल. ट्रकमध्ये आहे ती. माझी परीक्षा झाली, आता तुझी. फुसकी तुझ्या पेटीत असतात, मला माहितेय."

मला हसू आलं. माझी? नऊ वर्षांची विजेती मी. जड नळी, बोटभर जाड रबर, अडतीसची मवाळ काडतुसं, मांजराचं डोकं! मी रायफल आणून दिली. त्यानं पाठमोरा होऊन भरली, डावा खांदा जपत, उजव्या हातानं, सावकाश. मी मफ लावून शंभर मीटरवरच्या छोट्या मेंढ्यांसमोर उभी राहिले. तो दुर्बीण घेऊन माझ्या मागे गेला.

पहिला बार, मेंढा पडला. दुसरा बार, गोळी वरून गेली. तिसऱ्याला मी श्वास सोडला, चाप ओढला.

टिक्.

आणि माझं नाक गवतात. वीतभर नव्हे, हातभर. एवढंच नाही, चाप ओढताओढता मान वळवून मी मागे बघत होते.

मागे ऑरिन दुर्बीण खाली करून उभा होता. उभा होता, दोन्ही पायांवर.

आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, त्यातली मी. जुलैच्या मॅचला दहापैकी सहा मेंढे चुकले होते माझे. सगळ्यांना सांगत फिरले, वारा होता. कप मिळाला तो केवळ दुसऱ्या नंबरच्या आजोबांचा चष्मा घरी राहिला म्हणून. नाचता येईना अंगण वाकडं हे मी बावीस वर्षं गिऱ्हाइकांना ऐकवतेय.

ऑरिन जवळ आला. माझ्या हातून रायफल घेतली, उघडी करून लाइलच्या रायफलीशेजारी ठेवली.

"ह्या बंदुकीला धक्का तरी आहे का, व्हर्ना? तू कशाला दचकतेस?"

मी काहीतरी खमंग बोलणार होते. माझ्याकडे नेहमी असतं. पण निघालं दुसरंच.

"बार झाला की मला वाटतं, तू पडलास," मी म्हणाले. "कुणाचाही बार होऊ दे. दुकानामागे कुणी बंदूक वाजवून बघतं, तेव्हासुद्धा. मी मोजत राहते, आवाज आला का पडल्याचा. रात्री तुझ्या मनगटाला हात लावून बघते, माहितेय तुला? आणि तू घोंगडीत गुंडाळून ते मरण ट्रकमध्ये घेऊन फिरतोस, हसत हसत."

ऑरिननं टोपी काढली. अशा वेळी तो आपली टोपी बघत बसतो. टोपी बघून झाल्यावर त्यानं लाइलची रायफल घोंगडीत गुंडाळली, दोरीनं बांधली, चांगली दुहेरी गाठ मारली, आणि ट्रकच्या मागच्या बाजूला नेऊन ठेवली.

"वाटेत लाइलकडे थांबू," तो म्हणाला. "देऊन टाकतो."

"मॅचचं काय?"

"नाव लिही. छोट्या मॅचला."

"डॉक्टरीणबाईला आधी दाखवायचं."

"दाखवू. उद्याच जाऊ. रबर जाड घे माझ्यासाठी, बोटभर नको, दोन बोटं." ट्रकचं दार उघडून तो आत बसला, किल्ली फिरवली, आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "आणि व्हर्ना, तुझा नंबर आला की मी तुझ्या मागे नाही, शेजारी उभा राहीन. डोळ्याच्या कोपऱ्यातून तुला दिसेल असा. म्हणजे तुला मान वळवायला नको."

"नियमात बसत नाही ते."

"नियम बदलायला लावू. पण एक सांगतो, त्यानंतरही तू माझ्याकडून हरलीस, तर वारा होता म्हणायचं नाही."